ल्हिथ्वाइन : डोंगरावरच्या गावाने काय विकत घेतलं आणि काय हातचं गेलं

फर्किन म्हणजे नऊ गॅलनचं पिंप. त्यात ७२ पाइंट, म्हणजे साधारण ४१ लिटर बिअर मावते. ब्रिटनच्या खेड्यांतली पारंपरिक बिअर पिंपात भरल्यावरही जिवंत असते, यीस्टचं काम आत चालूच असतं. तळघरात ११ ते १३ अंश सेल्सिअसला पिंप आडवं ठेवायचं, गाळ बसू द्यायचा आणि मग नळ ठोकायचा. नळ बसला की आत हवा शिरते आणि तिथून तीन दिवस मोजायचे. त्यानंतर बिअर आंबूस होते. तळाचा गाळ आणि नळीत वाया जाणारी वजा केली तर विकायला सत्तरेक पाइंट उरतात, म्हणजे दिवसाला तेवीस-चोवीस.

ऑगस्टात हा आकडा काहीच नाही. नोव्हेंबरातल्या मंगळवारी मात्र समुद्रावरून पाऊस आडवा येत असतो, आणि डोंगराच्या खांद्यावरच्या एवढ्याशा गावात तेवीस पाइंट पिणारी माणसं जमवायची तर मुळात गावात माणसं राहत असावी लागतात. वायव्य वेल्समधल्या ल्हिथ्वाइन या गावाचं प्रकरण याच हिशोबाचं आहे. गावाने १९८८ साली आपला पब सहकारी पद्धतीने ताब्यात घेतला आणि तो अजून चालू आहे. आजूबाजूच्या गावांनी त्याआधी आणि त्यानंतर आणखी बरंच काही वाचवलं. एक गोष्ट मात्र या पद्धतीने वाचवता आली नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

जागा

ग्विनेद परगण्यातून ल्हीन नावाचं द्वीपकल्प आयरिश समुद्रात घुसलं आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर 'अर् ऐवल' ही तीन शिखरांची रांग उभी आहे. सर्वांत उंच शिखर ५६४ मीटरचं, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने टेकाडच, पण ते थेट समुद्रातून वर येतं आणि मध्ये वारा अडवायला काही नाही. इंग्रजांनी 'ऐवल'चा उच्चार बिघडवून त्याचं 'रायव्हल्स' केलं. डोंगराच्या दक्षिण अंगाला उंचावर ल्हिथ्वाइन आहे, पूर्व पायथ्याशी ल्हानेल्हाइअर्न, उत्तरेला समुद्राकाठी ट्रेवोर. ल्हिथ्वाइनच्या खाली, तीन बाजूंनी कडे आणि चौथ्या बाजूला समुद्र अशा खबदाडात नान्त ग्वर्थेइर्न. (वेल्शमधला जोड 'एल' म्हणजे जीभ 'ल'च्या जागी ठेवून नुसती हवा सोडायची. देवनागरीत 'ल्ह' हा त्यातल्या त्यात जवळचा.) चार वस्त्यांचा डोंगर एक, खाणी एकाच जातीच्या आणि अडचणीही सारख्याच, म्हणून ल्हिथ्वाइनचा विचार बाकीच्या तिघांना सोडून करता येत नाही.

पूर्वेकडच्या ४८५ मीटरच्या शिखरावर 'ट्रेर केइरी' नावाचा लोहयुगातला दगडी किल्ला आहे. आत सुमारे दीडशे गोल घरांचे पाये आहेत आणि तटाची भिंत काही ठिकाणी अजून पुरुषभर उंचीच्या वर उभी आहे. रोमन अमलातही तिथे वस्ती होती. इतक्या उंचावर माणसं का राहिली असतील यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. दगड हवा तेवढा आणि नजर टाकावी तिथवर समुद्र दिसतो, ही दोन कारणं तिथे उभं राहिलं की पटतात.

पुढची कित्येक शतकं इथलं जगणं मेंढ्या, थोडी ओट आणि गायरान यांवर चाललं. गायरानावर जनावरं चरायची, जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, निघायचं, काटेरी झुडपं तोडून आणता यायची. भूमिहीन माणूस तिथेच झोपडंही टाकायचा. एका रात्रीत घर उभं करायचं आणि उजाडताना धुराड्यातून धूर दिसला की ती जागा त्याची, अशी वेल्समध्ये समजूत होती. अशा घराला 'टी इन्नोस' म्हणत. कायद्याने त्याला काहीही आधार नव्हता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गायरानं मोजून, कुंपणं घालून जमीनदारांत वाटायचं सुरू झालं तेव्हा सगळ्यात आधी हीच माणसं उघडी पडली. १८१२ मध्ये ल्हिथ्वाइन परिसरात मोजणीला विरोध झाला आणि सैन्य आणावं लागलं. रॉबर्ट विल्यम ह्यूज या शेतकऱ्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी करून त्याला ऑस्ट्रेलियाला काळ्या पाण्यावर पाठवलं गेलं. जमीन कोणाची हा इथला प्रश्न एवढा जुना आहे.

दगडावर उभी राहिलेली गावं

आज दिसतात ती गावं मात्र खाणींनी घडवली. ट्रेवोरची खाण १८५० मध्ये सुरू झाली. गावाचं नावसुद्धा खाणीच्या मुकादमावरून पडलं. नान्तच्या किनाऱ्यावरची पोर्थ अ नान्त ही खाण १८६१ पासून लिव्हरपूलच्या कंपनीने चालवली. लिव्हरपूल, मँचेस्टर यांसारखी शहरं तेव्हा झपाट्याने वाढत होती आणि लोखंडी धावांच्या गाड्यांखाली टिकतील असे रस्ते त्यांना हवे होते. इथला ग्रॅनाइट त्या कामाला उत्तम.

काम असं चाले. कड्यात भोकं पाडून सुरुंगाची सौम्य दारू भरायची, म्हणजे दगडाचा चुरा होणार नाही, मोठे धोंडे सुटतील. धोंडे फोडून हाताळण्याजोगे करायचे. मग पाथरवट उघड्या पडवीत बसून दगडाची नस ओळखून फरसबंदीचे घडीव चौकोनी ठोकळे काढणार. मजुरी उक्ती, टनावर, मापाप्रमाणे दर वेगळा. नस चुकली की ठोकळा वाया, आणि वाया गेलेल्या मालाचे पैसे नाहीत. तयार माल उतरणीच्या रुळांवरून धक्क्यावर आणि तिथून जहाजाने परस्पर शहरात. समुद्र खवळला की जहाज लागत नसे, माल साचत राही.

नान्तमध्ये १८७८ च्या सुमाराला कामगारांसाठी घरांच्या दोन रांगा बांधल्या गेल्या, एक समुद्राकडे तोंड करून आणि दुसरी डोंगराकडे. मुकादमासाठी मोठं घर, 'सेइलो' नावाचं चॅपेल, दुकान. वर ल्हिथ्वाइनला यायला नागमोडी वाट एवढाच जमिनीवरचा मार्ग. मग रस्ते डांबरी झाले. घडीव ठोकळ्यांची मागणी संपली आणि खडी उरली. खडीला क्रशर लागतो, पाथरवट नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे काम थांबलं आणि १९५९ पर्यंत नान्तमधलं शेवटचं कुटुंब वर निघून गेलं.

खाणीचा एक धागा अजून शिल्लक आहे. बर्फावरच्या कर्लिंग या खेळाला लागणारे दगड जगात मोजक्या जागचे चालतात: स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटाचा आणि ट्रेवोरचा.

खाणींनी आणखी एक गोष्ट दिली, आणि ती पुढच्या सगळ्याचा पाया आहे: मजुरांना वर्गणी काढून संस्था चालवायची सवय लागली. ट्रेवोरचा ब्रास बँड १८६३ चा. १९१२ मध्ये क्लन्नोग आणि ट्रेवोरच्या लोकांनी शेअर काढून स्वतःची मोटार कंपनी सुरू केली. तिच्या गाड्या लाल, म्हणून तिला सगळे 'मोटो कोख', लाल मोटार, म्हणतात. चॅपेलचं तर सगळं वर्गणीवरच चाले: इमारतीचं कर्ज, पाद्रीची बिदागी, रविवारची शाळा. हिशोब वाचून दाखवायचा आणि कोणी किती दिले ते छापायचं, ही रीत घराघरात मुरलेली होती. बाहेरून पाहणाऱ्याला १९७० नंतरची सहकारी लाट अचानक आल्यासारखी वाटते. चिठ्ठा लिहिणारे हात तिथे शंभर वर्षांपासून तयार होते.

आधी शाळा, मग कारखाना, मग अख्खं गाव

१९७० मध्ये कार्ल क्लोज नावाचे डॉक्टर ल्हानेल्हाइअर्नला आले. त्याच सुमाराला परगण्याने तिथली छोटी शाळा बंद करायचं ठरवलं. गावकऱ्यांनी संघटना केली, भांडले आणि शाळा वाचवली. पण जिंकल्यावर लक्षात आलं की वर्गात बसणारी मुलंच कमी होत चालली आहेत, कारण आईबापांना गावात काम नाही. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या आयरिशभाषक भागात गावं सहकारी कंपन्या काढत होती. तो नमुना समोर ठेवून १९७४ मध्ये 'आंतिर आइल्हाइअर्न' उभी राहिली. आंतिर म्हणजे धाडस. ब्रिटनमधली पहिली सामुदायिक सहकारी संस्था म्हणून तिचं नाव घेतलं जातं. तिने विणकाम आणि कुंभारकाम सुरू केलं.

विणकामाचा धंदा कायमचा टिकला नाही आणि त्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. लोकरीचा स्वेटर जगभर कुठेही विणता येतो, तेव्हा किमतीत डोंगरावरचं गाव मार खाणारच. संस्था मात्र टिकली. ज्या संस्थेच्या नावावर इमारत असते ती एक धंदा बुडाल्यावर दुसऱ्याला जागा देऊ शकते. जिच्याकडे नुसता धंदा असतो, ती त्याच्याबरोबर बुडते. या डोंगरावरच्या सगळ्या प्रयोगांत हाच फरक निर्णायक ठरलेला दिसतो.

नान्त ग्वर्थेइर्न हे त्याचं मोठं उदाहरण. तोवर तिथे छपरं गेली होती, दारं-खिडक्या आणि वासे कोणी ना कोणी काढून नेले होते. जाड दगडी भिंती तेवढ्या उभ्या. १९७८ मध्ये क्लोज यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने ते अख्खं गाव खाण कंपनीकडून २५,००० पौंडांना विकत घेतलं. प्रौढांना वेल्श शिकवायचं निवासी केंद्र हा उद्देश. नियोजनाच्या दृष्टीने पाहिलं तर जागेची निवड वेडेपणाची होती: वीज नाही, रस्ता म्हणजे खाणकामगारांची तीव्र उताराची वाट, प्रत्येक वासा आणि सिमेंटची प्रत्येक गोणी वरून खाली न्यायची. स्वयंसेवक आणि बेरोजगारांसाठीच्या सरकारी योजनांतले कामगार घेऊन एकेक घर दुरुस्त होत गेलं. १९८२ च्या ईस्टरला पहिला वर्ग भरला.

ज्या दुर्गमतेने गाव मारलं तीच भाषेच्या वर्गाला उपयोगी पडली. शिकणारा संध्याकाळी पळून इंग्रजीत जाऊ शकत नाही, जेवणाच्या टेबलावरही वेल्शच. पण वर्गांची फी एवढ्या इमारतींच्या छपरांना पुरत नाही. समुद्राचा खारा वारा भिंतींतले चुन्याचे सांधे खातो, छपरावरच्या स्लेटचे खिळे गंजवतो, दुरुस्ती दर काही वर्षांनी परत येते. म्हणून पुढे कॅफे, लग्नं, परिषदा आल्या. भाषेच्या मंदिरात लग्नाचे मांडव कशाला, असं कोणी नाक मुरडलंच तर त्याला छपराचा खर्च दाखवावा.

पब

आता ल्हिथ्वाइन. गावातला 'व्हिक्टोरिया' हा पब बंद झाला तेव्हा गावकऱ्यांनी १९८८ मध्ये तो सहकारी पद्धतीने चालवायला घेतला. लोकांच्या तोंडी तो 'टावार्न अ व्हिक' आणि आता पाटीवरही तेच नाव. युरोपातल्या पहिल्या काही सहकारी पबांत त्याची गणना होते.

त्या काळचा एक तपशील विसरला जातो. १८८१ च्या कायद्याने वेल्समध्ये रविवारी पब बंद असत. १९६१ पासून दर सात वर्षांनी प्रत्येक जिल्हा मतदानाने ठरवायचा की रविवार ओला की कोरडा. ल्हीन ज्यात मोडत होतं तो द्वैवोर जिल्हा सगळ्यात शेवटपर्यंत कोरडा राहिला, १९९६ पर्यंत. म्हणजे गावाने पब घेतला तेव्हा आठवड्याला सहाच दिवस गल्ला उघडायचा होता, आणि बंद होता तो सुट्टीचा दिवस. सभासदांच्या खासगी क्लबांना ही बंदी लागू नव्हती, त्यामुळे रविवारचा गिऱ्हाईक सरळ तिकडे.

आज वेल्समधलं एखादं गाव हेच करायला निघालं तर वाट साधारण अशी असते. सहकारी किंवा सामुदायिक हिताची संस्था २०१४ च्या कायद्याखाली नोंदवायची. शेअर विकायचे, पण हे शेअर कंपनीच्या शेअरसारखे नाहीत. त्यांची किंमत वाढत नाही, बाजारात ते विकता येत नाहीत, फक्त संस्थेलाच परत देता येतात आणि तेही संस्थेकडे पैसे असले तर. बहुतेक संस्था पहिली काही वर्षं परतफेड बंदच ठेवतात. एका माणसाला जास्तीत जास्त एक लाख पौंडांचे परत देण्याजोगे शेअर घेता येतात, पण मत एकच: वीस पौंडवाल्यालाही एक, वीस हजारवाल्यालाही एक. आपल्याकडच्या सोसायटीच्या सभासदाला हे ओळखीचं वाटेल.

वेळ ही पहिली अडचण. इंग्लंडमध्ये समाजोपयोगी म्हणून नोंदलेली वास्तू विक्रीला आली तर पैसे जमवायला गावाला सहा महिन्यांची मुदत मिळते. स्कॉटलंडमध्ये तर खरेदीचा हक्कच आहे. वेल्समध्ये इंग्लंडची ती तरतूद लागूच केलेली नाही. मालकाने उद्या दुसऱ्याला विकलं तर गाव फक्त बघू शकतं. म्हणून शहाणी गावं पाटी लागायची वाट पाहत नाहीत. समिती, नोंदणी आणि इमारतीची तपासणी आधीच करून ठेवतात.

दुसरी अडचण खरेदीनंतर येते. शेअरचा आकडा गाठला की सगळ्यांचा जोर ओसरतो आणि तेव्हाच छप्पर गळतं. खरेदीच्या आकड्यात दुरुस्ती, तळघराचं शीतकरण, स्वयंपाकघर आणि पहिल्या हिवाळ्याचा तोटा धरलेला नसेल तर संस्था पहिल्याच वर्षी उधारीवर जाते. मग प्रश्न, चालवायचं कोणी? भाडेकरू ठेवला तर भाडं ठरलेलं आणि धोका त्याचा, पण गायनवृंदाला गुरुवारी मागची खोली फुकट द्यायची की नाही हेही तोच ठरवणार. स्वतः व्यवस्थापक नेमला तर सगळं हातात, तोट्यासकट. कायद्याने परवानाधारक जबाबदार व्यक्ती नावानिशी लागतेच. नुसत्या स्वयंसेवकांवर पब वर्षभर चालत नाही. पहिल्या वर्षी गल्ल्यामागे उभं राहायला रांग असते, तिसऱ्या वर्षी तीच चार माणसं उरतात आणि त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसतात.

मोठ्या कंपनीच्या पबाला तिचीच बिअर घ्यावी लागते. गावाच्या पबाला ते बंधन नसतं. शेजारच्या नेविनमध्ये २०११ पासून 'कुरू ल्हीन' हा कारखाना आहे, आणि जवळचा कारखाना असला की पिंपं थोडी थोडी मागवता येतात. हिवाळ्यात तर फर्किनऐवजी 'पिन' मागवणं शहाणपणाचं. साडेचार गॅलन म्हणजे ३६ पाइंट, दिवसाला बारा. पाइंटमागे पिन थोडं महाग पडतं, पण ओतून द्याव्या लागणाऱ्या बिअरपेक्षा स्वस्तच.

पबात दारूइतकंच महत्त्वाचं काय होतं हे सांगायला हवं. गायनवृंदाचा सराव, प्रश्नमंजूषा, वेल्श बँडचे कार्यक्रम, अंत्यविधीनंतरचा चहा. चॅपेलं एकामागून एक बंद होत गेली तशी ही कामं इथे सरकली. ज्या चॅपेलांनी रविवारचा पब बंद ठेवला त्यांचाच वारसा पबाकडे यावा, यातली गंमत गावात कोणाला सांगावी लागत नाही. भाषेच्या बाबतीत एक बारीक गोष्ट: दहा जणांच्या टेबलावर एकच माणूस फक्त इंग्रजी बोलणारा असला की सौजन्यापोटी अख्खं टेबल इंग्रजीत जातं. समितीच्या बैठकीतही तेच होतं. उपाय कंटाळवाणा पण लागू पडणारा आहे: बैठक वेल्शमध्ये आणि ज्याला हवं त्याच्या कानाला भाषांतराचा हेडफोन. ग्विनेद परिषदेचं कामकाज याच पद्धतीने चालतं.

घरं

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श बोलणारे १७.८ टक्के होते, ग्विनेदमध्ये ६४.४ टक्के. हा आकडा टिकवायचा तर वेल्श बोलणारी तरुण जोडपी याच गावांत राहायला हवीत, आणि इथेच शेअरची युक्ती संपते. पब एक असतो. घरं शेकडो, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि विकणाऱ्याला जो जास्त देईल तो हवा. त्यात त्याची चूक काढता येत नाही. समुद्र दिसणाऱ्या दगडी घराला शहरातला माणूस जो भाव देतो तो खेड्यातल्या पगारावर मिळणाऱ्या कर्जात बसत नाही.

ग्विनेद परिषदेने एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या घरांवर, म्हणजे मालक कायम राहत नाही अशा घरांवर, घरपट्टीचा १५० टक्के अधिभार लावला. म्हणजे मूळ पट्टी २,००० पौंड असेल तर बिल ५,००० चं. पूर्वी यातून सुटायचा सोपा मार्ग होता: घर सुट्टीच्या भाड्याचा व्यवसाय म्हणून नोंदवायचं आणि लहान धंद्याच्या सवलतीत जवळपास काहीच भरायचं नाही. त्याच महिन्यापासून वेल्श सरकारने अशा नोंदणीची अट कडक केली. आता घर वर्षात २५२ दिवस भाड्याला उपलब्ध हवं आणि प्रत्यक्षात १८२ दिवस गेलेलं हवं. नाही जमलं तर परत घरपट्टी, अधिभारासकट. ही अट हौशी मालकांना त्रासाची आहे आणि गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याने जोडधंदा म्हणून दुरुस्त केलेल्या गोठ्यालाही तितकीच. काही घरं यामुळे विक्रीला येतात. विक्रीला आलेलं घर गावातल्या जोडप्याला परवडेलच, याची तजवीज यात कुठेच नाही.

१८२ रात्री कधी भरतात तेही पाहावं. ईस्टरपासून ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीपर्यंत. त्या दिवसांत 'व्हिक'मध्ये फर्किन दीड दिवसात रिकामं होतं. नोव्हेंबर लागला की पिन मागवतात.